यादीतलं अकरावं नाव

पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. पण जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका साध्या निनावी अर्जाची चौकशी अजून मनातून जात नाही.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती. मढच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. इंग्रजी अमलात तिथल्या अकरा जणांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि ते तुरुंगात गेले. त्यांची नावं शाळेसमोरच्या दगडावर कोरलेली होती. आता ग्रामपंचायत बारावं नाव घालणार होती. ते होतं त्या पिढीतल्या उरलेल्या एकमेव बाबांचं, कारण तेही आत होते असं जुनी माणसं सांगत. तेवढ्यात तहसीलमार्फत आमच्याकडे अर्ज आला: 'हा माणूस खोटा सत्याग्रही आहे. तुरुंगाचं रजिस्टर काढून खात्री करावी.' खाली सही नाही.

निनावी अर्जाचा मला मनस्वी तिटकारा. ज्याला समोर येऊन बोलायची छाती नाही, त्याच्यासाठी आम्ही डोंगर का चढायचा? पण आवक नंबर पडला की चौकशी चुकत नाही. हवालदाराला घेऊन गेलो.

बाबांच्या ओसरीवर जबाब घ्यायला बसलो. शेजारच्या एका आजींनी चहा आणला. दगडावरचं अकरावं नाव त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं, असं हवालदार म्हणाला.

"बाबा, तुम्ही तुरुंगात होता का?"

"न्हाई. मी सत्याग्रही न्हाई. ल्ह्या तसं."

"मग गाव का म्हणतं?"

"गाव लई काय म्हनतं. तुमी ल्ह्या अन् मोकळं व्हा, सायेब."

माणूस स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत होता, तीही घाईघाईने. मला ते खटकलं. माणूस खोटं बोलतो ते स्वतःच्या फायद्याचं. तोट्याचं खोटं बोलत असेल, तर त्याच्या मागे दुसरं कुणीतरी उभं असतं.

कारागृहातून जुन्या रजिस्टरची नक्कल मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. नावं अकराच, बाबांचं नव्हतंच. 'अर्जात तथ्य आहे' असा शेरा मारून फाईल बंद करणार होतो, पण सवयीने ओळखीच्या खुणांचा रकाना वाचला. अकराव्या नावासमोर लिहिलं होतं: डाव्या हाताची करंगळी अर्धी. ती अर्धी करंगळी मी पाहिली होती. बाबांच्या हातात, चहाच्या बशीखाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर चढलो. नक्कल पुढे ठेवून ती नोंद वाचून दाखवली. बाबांनी डावा हात मांडीखाली घेतला.

"आमचं समदं उघड व्हतं," ते शेवटी म्हणाले. "कोन, कवा, कुटलं गवत कापनार, त्याची यादी आदीच सायबाकडं धाडलेली. त्या सकाळी ह्या शेजारच्या म्हातारीचं बाळंतपन अडलं. तिचा मालक कसा येनार? यादीतला एक कमी पडला असता, तर गाव भ्यालं म्हनले असते. माजं नाव यादीत न्हवतं. त्याचा इळा घेतला, गवत कापलं. नाव इचारलं तवा त्याचं सांगितलं."

"म्हणजे तुम्हीच तर तुरुंगात गेलात!"

"पन खोटं बोलून. सत्याग्रह्यानं खोटं बोलायचं न्हाई, अशी शपथ व्हती. माजी तितंच मोडली. अन् आता खरं सांगितलं, तर त्याचं नाव दगडावरनं जाईल."

मी थक्क झालो. दिवसाकाठी दहा खोटे जबाब ऐकणारा माणूस मी. आणि इथे चार महिने दुसऱ्याच्या नावाने खडी फोडून आलेले बाबा त्या एका खोट्यापायी जन्मभर स्वतःला नालायक ठरवून बसले होते.

तेवढ्यात आजी दारात आल्या. "त्यो अर्ज माजा हाये. नातीकडनं लिवून घेतला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! "आजी, मग सरळ खरंच का नाही लिहिलंत?"

"ह्यो न्हाई म्हनला असता, अन् मग माजं कोन ऐकतंय? कुनाला तरी खोटं म्हनल्याबिगर तुमी कागद काडता व्हय? कागदात अर्धं बोट लिवलेलं असनार, ह्ये मला ठावं व्हतं." मग त्या बाबांकडे वळल्या. "मालक त्या दगडापुढनं खाली मान घालून जायचं. नाव गेलं तर मला दुख व्हईल, असं वाटतं तुमाला. नाव ऱ्हायलं, त्येच दुख हाये."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

"ल्ह्या मग," ते म्हणाले. "पन पोलिसाला खोटं नाव सांगितलं, ते बी ल्ह्या." मी लिहिलं. त्यांनी जबाबाखाली अंगठा उठवला. ज्या सरकारच्या पोलिसाशी ते खोटं बोलले, ते सरकार जाऊन पन्नास वर्षं झाली होती. कबुली त्यांनी माझ्यापाशी दिली.

त्यानंतर चौकशीत कोण खोटं बोलतंय एवढ्यावर मी कधी थांबलो नाही. ते कुणासाठी बोलतंय, हेही विचारू लागलो.

त्या दगडावर अजून अकराच ओळी आहेत. शेवटच्या ओळीत दोन नावं आहेत, पहिलं आजींच्या नवऱ्याचं, मग बाबांचं. बाबांची तेवढीच अट होती.