मिशांचा कायदा

विधिमंडळाच्या तळमजल्यावर, छापखान्याला लागून असलेल्या खोलीत कायद्यांची सूची करणाऱ्या एक बाई बसायच्या. सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. तिथला जुना दंडक असा, की विधेयकावर मांडणाऱ्याचं नाव असतं. पण ते मंजूर झालं की नाव गळतं आणि कायदा साऱ्या सभागृहाचा होतो. ते नाव गाळायचं काम बाईंचं. 'तेवढं राहू द्या की,' म्हणत मोठमोठे सदस्य गोड बोलायला यायचे. बाई त्यांना पाणी द्यायच्या आणि लाल पेन्सिलीनं नाव उडवायच्या.

एकदा मात्र भरघोस मिशांचे एक माजी सदस्य तणतणत आत शिरले. "बाई, मला त्या सूचीतून काढा!"

झालं होतं असं, की दुकानातल्या नोकरांना बसायला स्टूल दिलंच पाहिजे, असं विधेयक एका सदस्य बाईंनी मांडलं होतं. त्या स्वतः कापडाच्या दुकानात अकरा वर्षं उभ्या राहिलेल्या. मिशीवाले त्याविरुद्ध तीन तास बोलले. वर्तमानपत्रांत तेच गाजले. कायदा झाला, मांडणारीचं नाव दंडकाप्रमाणे गळालं, आणि लोकांच्या तोंडी राहिला 'मिशांचा कायदा'. लोक त्याच नावानं शोधतात, म्हणून कात्रीबाईंनी सूचीत तशी ओळ घातली होती.

"दुकानात गेलो की पोरी माझे आभार मानतात हो! मी विरोध केला होता!"

"लोक म्हणतात ते लिहायचं, असा नियम आहे. आणि तुमचं नाव कुठंय त्यात? नुसत्या मिशा आहेत."

"मग काय, उतरवू त्या?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न."

ते पाय आपटत गेले. कात्रीबाईंना मात्र चुटपुट लागली, की जिनं कायदा आणला तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्या विधेयक मांडणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या. जन्मात पहिल्यांदाच नियम वाकवायला तयार होत्या.

"तळटीपेत तुमचं नाव घालते. कुणाला कळायचं नाही."

"छे हो, नको," त्या चहा ओतत म्हणाल्या. "परवाच मी त्यांना दुकानात आभार स्वीकारताना पाहिलं. काय ते तोंड झालं होतं! नाव घातलंत तर माझी ही करमणूक जाईल."

कात्रीबाईंना आधी जरा रागच आला. मग त्यांनाही ते तोंड डोळ्यांपुढं दिसलं, आणि हसताना त्यांचा चहा बशीत सांडला.