कोंबडीच्या तेलातल्या कुरडया

मी माझ्या माळकरी आईला आणि तिच्याबरोबर हरिपाठ म्हणणाऱ्या सात बायकांना कोंबडी तळलेल्या तेलातल्या कुरडया खायला घातल्या. मुद्दाम नाही. पण ‘मुद्दाम नाही’ हे म्हणायला मला फार आवडतं, म्हणून ते बाजूला ठेवतो आणि पहिल्यापासून सांगतो.

आम्ही मावळात, कान्ह्याला राहतो. मी देहूरोडच्या एका लष्करी डेपोत कारकून आहे. सकाळच्या लोकलनं जातो, संध्याकाळच्या लोकलनं येतो. घरात आई, बायको, मुलगी आणि मी. वडील गेल्यावर वर्षभरात आईनं तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात वशाट शिजणं बंद झालं. वशाट म्हणजे कोंबडी, मटण, मासळी, अंडंसुद्धा. खायला तिची मनाई नव्हती. पण ते घराबाहेर शिजवायचं, घराबाहेर खायचं आणि त्याची भांडी घरात आणायची नाहीत. आमच्या भागात ज्या घरात बाईच्या गळ्यात माळ असते, तिथं वशाट पुरुषानंच करायचं, अशी रीत आहे. म्हणून घरामागं पत्र्याची शेड झाली. तिथं एक जुनी शेगडी, एक कढई, दोन पातेली आणि एक झारा. एवढ्या वस्तूंवर माझं राज्य. मला एकच रस्सा यायचा आणि तो सगळे गुमान खायचे.

मग मुलीला हैदराबादला नोकरी लागली. ऑगस्टमध्ये जायचं होतं. तोवर ती दर आठवड्याला मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला जाऊन कुरकुरीत तळलेली कोंबडी खाऊन यायची. मी एकदा म्हणालो, घरी करू की. ती म्हणाली, “पप्पा, घरी तसं होत नाही. तुमचा रस्सा चांगला असतो.”

रस्सा चांगला असतो, हे ती ज्या दयेनं म्हणाली ते मला लागलं. लहानपणी तिच्या एकाही स्नेहसंमेलनाला मी गेलो नव्हतो. कारणं होती, सगळी खरी होती, आणि आज त्यातलं एकही मला आठवत नाही. आता ही जाणार, आणि बापानं काय केलं तर रस्सा. म्हणून मी ठरवलं, ती जाईपर्यंत दर रविवारी तळायचं.

आमच्या डेपोत सगळा देश जेवायला बसतो. मी डबा उघडून सरळ विचारत सुटलो. केरळच्या सहकाऱ्यानं खोबरेल तेल, कुटलेली बडीशेप, कढीपत्ता आणि तांदळाचं पीठ सांगितलं. आंध्रच्या सहकाऱ्यानं दही, अंडं, हिरव्या मिरच्या आणि कॉर्नफ्लॉवर सांगितलं, वर तळलेल्या मिरच्या टाकायच्या. अमृतसरकडच्या सरदारजींनी बेसन आणि भरपूर ओवा सांगितला, आणि दोनदा तळायला बजावलं. आधी मंद, मग कडक. मी हे सगळं ऑफिसच्या जुन्या पॅडवर लिहून घेतलं. फायलीत मी इतकं नीट कधी लिहिलेलं नाही.

पहिल्या रविवारी केरळ केलं. तांदळाचं पीठ विकत आणा म्हणून सहकाऱ्यानं सांगितलं होतं. पण घरात स्वतःच्या शेतातला इंद्रायणी असताना मावळातला माणूस तांदळाचं पीठ विकत आणेल? मी इंद्रायणी दळून आणला. हा तांदूळ वासाला राजा, पण चिकटपणाला त्याच्या पुढं कोणी नाही. कोंबडीवर असं काही आवरण बसलं की मुलगी एक तुकडा काट्यानं उचलायला गेली आणि तीन तुकडे हात धरून वर आले. ती म्हणाली, “पप्पा, हे उकडीच्या मोदकात कोंबडी भरल्यासारखं झालंय.” बायको हसून शेडबाहेर गेली. मी ते सगळं एकट्यानं खाल्लं, प्रायश्चित्त म्हणून. रात्री पोट दुखलं तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या रविवारी आंध्र. बाहेरून काळं, आतून कच्चं. तिसऱ्या रविवारी पुन्हा आंध्र, या वेळी बाहेरून सोनेरी आणि आतून कच्चं. चौथ्या रविवारी अमृतसर, दोनदा तळून. आणि ती जमली. तुकडा मोडताना आवाज आला. मुलीनं दुसरा घेतला, मग तिसरा. मी शेगडीकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत तेलाची वाफ गेली होती, असं मी त्यांना सांगितलं.

आता तेल. एवढं तळायचं तर कढईभर शेंगदाण्याचं तेल लागतं. मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल, असं बायकोनं बजावलेलं. फेकायला माझा हात होत नाही. सरदारजींनी एक युक्ती सांगितली होती. तळून झालं की त्याच तेलात बटाट्याच्या चकत्या सोडायच्या, त्या वास ओढून घेतात, मग तेल फडक्यानं गाळायचं. मी चकत्या दोनदा सोडल्या, फडक्याच्या चार घड्या केल्या, आणि तेल इतकं स्वच्छ झालं की मी ते उजेडात धरून बायकोला दाखवलं. मग रिकाम्या झालेल्या तेलाच्या कॅनमध्ये भरून शेडमध्ये ठेवलं.

जुलै होता. त्या आठवड्यात पाऊस असा आडवा लागला की शेडमध्ये पाणी शिरलं. बुधवारी सकाळी गाडीची वेळ झालेली. मी तो कॅन उचलला आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. संध्याकाळी येऊन हलवू, म्हणालो. संध्याकाळी विसरलो. ओट्याखाली आमचा रोजच्या तेलाचा कॅन असतो. तोही त्याच आकाराचा, त्याच पिवळ्या झाकणाचा.

गुरुवारी हरिपाठ आमच्याकडं होता. या आठजणी, आई धरून, दर गुरुवारी एकीच्या घरी जमतात. हरिपाठ होतो, मग काहीतरी खाणं होतं. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायका चपला शोधत होत्या. त्यातली एक मावशी मला म्हणाली, “दादा, तुज्या आईच्या हाताला लय गोडी. आसल्या खमंग कुरडया आमी जन्मात खाल्ल्या न्हाईत.” आईचा चेहरा खुलला होता. तिनं माझ्यापुढं बशी ठेवली. मी हातपाय न धुता एक कुरडई मोडून तोंडात घातली.

ओवा. अगदी पुसट, पण ओवा.

मी ओट्याखाली वाकून पाहिलं. तिथं एकच कॅन होता, भरलेला. दुसरा ओट्यावर होता, निम्मा. कोणता कोणता ते मला बघताच कळलं, कारण निम्म्या कॅनच्या झाकणाला माझ्या फडक्याचा दोरा चिकटला होता. आईनं विचारलं, कशा झाल्यात? मी म्हणालो, छान झाल्यात. आणि बशीतल्या सगळ्या संपवल्या. हे मी का केलं ते अजून कळलेलं नाही. बहुतेक पुरावा नष्ट करत होतो.

बायकोला मागच्या दारी नेऊन सांगितलं. ती खाली बसलीच. मग मी म्हणालो, आईला आत्ताच जाऊन सांगतो. तिनं माझा हात धरला.

“तुम्हाला हलकं वाटावं म्हणून त्यांच्या डोक्यावर ठेवणार का?” ती म्हणाली. “त्यांनी जाणून खाल्लेलं नाही. त्यांना सुखानं राहू द्या. तुमचं तुम्ही सोसा.”

ती बरोबर होती. मी आठ दिवस सोसलं. माझं सोसणं कसं असतं, तर सगळ्या घराला दिसेल असं. मी आईच्या देवाची भांडी घासली. तिच्यासाठी तुळस तोडून आणली. पाय चेपू का विचारलं. रविवारी तळण केलं नाही, मुलीला सांगितलं की गॅस संपलाय. तिनं सिलेंडर हलवून बघितला आणि आत निघून गेली. शेवटी आईनंच विचारलं, “काय मागायचं हाय का तुला? सरळ माग की.”

आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. बटाट्याच्या चकत्यांपर्यंत सगळं. चकत्या सांगायची काही गरज नव्हती, पण मी सांगताना थांबू शकत नाही.

आईचा हात सुपात थांबला. मग तिनं एवढंच विचारलं, त्या कॅनमधलं तेल घरात आणखी कशात गेलं का. मी नाही म्हणालो. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“माजं मी बघीन,” ती म्हणाली. “पांडुरंगाला सांगीन, त्यो मला वळखतो. पर त्या साती जणी माज्या घरी इस्वासानं खाऊन गेल्या. त्यास्नी तू सांगायचं. मी संगट येते.”

म्हणजे एका कबुलीनं मोकळं होऊ बघणाऱ्या माणसाच्या पदरी सात आल्या. बायको दारात उभी होती. ती मान हलवून आत गेली.

त्याच दिवसापासून आईनं आमच्या ओट्यावरचं खाणं सोडलं. तिच्या खोलीत एक छोटी शेगडी ठेवली आणि स्वतःपुरती भाकरी, वरण करू लागली. रागानं नाही. रागानं असतं तर मी बरा झालो असतो. आणि तिला एकच घोर लागला, आता आपल्या घरी कोण पाणी पिईल?

शनिवारी सुट्टी घेऊन मी निघालो. आई पुढं, मी मागं. प्रत्येक दारात आई म्हणायची, “ह्याला काय सांगायचं हाय,” आणि बाजूला उभी राहायची. मी सांगायचो. पहिल्या घरी मावशीनं कानाला हात लावला आणि देवघराकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या होता. दुसऱ्या घरी म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून मला कोंबडी हा शब्द तीनदा ओरडून सांगावा लागला. शेजारची दारं उघडली. तिसऱ्या घरी काकू हसतच सुटल्या. “तरी मी म्हन्ते, तशी कुरडई मला घरी साधंना कशी! चार दिस पीठ बदलून बघितलं मी.” आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या हसता हसता थांबल्या आणि माळेला हात लावून डोळे मिटले.

चौथ्या घरी मला विचारलं की मी डेपोतसुद्धा असाच कारभार करतो का. पाचव्या घरी चहा मिळाला. सहाव्या घरी नुसती मान हलली.

सातव्या घरची आक्का सगळ्यांत थोरली. आईला हरिपाठ तिनं शिकवला. ती ओसरीवर बसून ऐकत राहिली. मी शेवटी म्हणालो, “आक्का, चूक माझी आहे. आईची नाही.”

“चूक तुजी हाय ती दिसतीया,” आक्का म्हणाली. “पर मला कशाला सांगितलंस बाबा? मी ऐंशीची. न कळता गेले आसते की सुखानं.”

मला बायकोचं मागच्या दारचं बोलणं आठवलं. आईनं मान खाली घातली. आक्का उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

वाटेत आई म्हणाली, पुढच्या गुरुवारी हरिपाठ पुन्हा आपल्याकडं. नंबर आपला नसला तरी. निरोप तिनंच धाडले. मला म्हणाली की गुरुवारी लवकर ये, तळायचं तू. अंगणात, सगळ्यांसमोर, नव्या कढईत.

गुरुवारी पाऊस उघडला होता. मी अंगणात शेगडी मांडली, सीलबंद कॅन शेजारी ठेवला आणि रेल्वेच्या फाटकाकडून येणाऱ्या वाटेकडं बघत बसलो. आई दारात बसली होती. इतकी ताठ मी तिला वडिलांच्या दहाव्यालासुद्धा पाहिली नव्हती. पहिल्यांदा त्या हसणाऱ्या काकू आल्या. मग दोघी बरोबर. हरिपाठ संपेपर्यंत सहाजणी झाल्या.

मग त्या सहाजणी माझ्याभोवती गोल करून बसल्या. कॅन त्यांच्यादेखत फोडला. चार रविवारचा अनुभव गाठीशी असलेला मी पहिली कुरडई सोडली आणि ती काळी झाली. एकजण म्हणाली, तेल लय तापलं. दुसरी म्हणाली, आता लय निवलं. “दादा, कोंबडीला जमतं आन् कुरडईला न्हाई व्हय रं?” काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. ती कमी ऐकू येणारी म्हातारी उठली, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि मला सरक म्हणाली.

बशा भरल्या. कोणी हात लावेना. सगळ्या आईकडं बघत होत्या. आईनं माळेला हात लावला, काहीतरी पुटपुटली आणि कुरडईचा एक तुकडा मोडून तोंडात घातला. चावून गिळेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग म्हणाली, “खावा गं. माज्या लेकानं तळल्यात.” जिनं तळल्या होत्या त्या म्हातारीनं ते ऐकलं नाही, हे बरं झालं.

रात्री आई पुन्हा आमच्या पंगतीला बसली.

आक्का आली नव्हती. आईनं एक ताट भरलं, वर दुसरं ताट झाकलं आणि मला नेऊन द्यायला सांगितलं. आक्कानं दार उघडलं, ताट घेतलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आत गेली. खाल्लं की गाईला घातलं, माहीत नाही. आमच्याकडं आलेलं ताट कोणी रिकामं परत करत नाही. मूठभर तांदूळ, गूळ, काहीतरी घालून देतात. आज तीन आठवडे झाले. मुलगी हैदराबादला पोचली. ताट आलेलं नाही. स्टेशनला जाताना मी आक्काच्या घरावरून जातो, लांब पडतं तरी. आई म्हणते, घाई करू नको, तांदूळ निवडत असंल ती.