आक्कांचा जावईबापू

या सदरात रस्त्यावरची पांढऱ्या साडीतली बाई बऱ्याच जणांना भेटते. मला अजून भेटलेली नाही. भेटली तर गाडीत बसवून तिच्या घरी सोडीन, असला माझा स्वभाव. देवासला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते मी. मांजर आडवं गेलं तर मांजराला घाई असेल म्हणते आणि पुढे जाते. तेव्हा मी लिहिते आहे ते काय वाटेल ते समजा, पण भाबडी बाई आहे असं तेवढं समजू नका.

माझं माहेर धारचं. लहानपणी बाबांनी मला काचेच्या पेटीत मासे पाळायला शिकवलं होतं. लग्न होऊन देवासला आले आणि ते संपलं. टेकरीच्या पायथ्याशी आमचं घर, सोवळं कडक. सासूबाई... आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो... त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “या घरात मासा म्हणजे फक्त मत्स्यावतार. तोही फोटोत.” मी गप्प बसले. तेव्हा बसायचे.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, घर खायला उठलं, आणि एक दिवस मी सरळ इंदूरला जाऊन चार फुटी टँक आणि एक ऑस्कर घेऊन आले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, भिया लोग जोड़ी ले जाते हैं.” मी म्हटलं, एकच द्या. ऑस्कर हा मोठा, भांडखोर मासा. त्याला सोबत नको असते, माणूस लागतो. आणला तेव्हा बोटाएवढा होता, वर्षभरात वीतभर झाला आणि थांबायचं नाव घेईना. काळा, अंगावर नारिंगी पट्टे, आणि माणूस पाहतो तसं बघणं.

आक्का माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी कॉलेजातून आले तर टँकचं झाकण उघडं आणि शेजारी गंगाजलाची तांब्याची लोटी! मासा शुद्ध करून घेतला होता बाईंनी. मी कपाळाला हात लावला. पण मासा मजेत होता, आणि आक्का खुर्ची टँकसमोर ओढून बसल्या होत्या. “बघ कसा टकामका बघतोय मेला,” म्हणाल्या. झालं... पाघळल्या.

टँक साफ केला की ऑस्कर रुसतो, हे पाळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यात आडवा पडतो, खात नाही, ढुंकून बघत नाही. आक्कांना त्याचं फार कौतुक. “दिवाळसणाला आलेला जावईबापू आहे हा. घोडा मागतोय!” त्यावरून नाव पडलं जावईबापू. जेवायला बसण्याआधी गाईचा घास, कावळ्याचा घास काढायची त्यांची रीत होती. त्यात तिसरा आला, सोललेला, उकडलेला मटार. तो त्या स्वतःच्या हातानं पाण्यावर धरायच्या आणि हा खालून येऊन त्यांच्या बोटांतून अलगद उचलायचा. माझ्या हातचं पेलेट, म्हणजे दुकानातली माशांची गोळी, खायचा, पण मटार घ्यायचा तो फक्त आक्कांच्या हातचा.

माझी नणंद, कुंदावन्सं, धारला दिलेली. त्यांना हे बिलकुल पटत नसे. “माझ्या नवऱ्याला कधी इतक्या प्रेमानं जावईबापू म्हटलं नाही आक्कांनी,” त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण लागलं होतं त्यांना.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. झोपेत, काही त्रास न होता. आणि त्या दिवसापासून माशानं खाणं सोडलं. पेलेट नाही, मटार नाही. तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. पाणी तपासलं, हीटर तपासला, सगळं ठीक. घरात माणसांची वर्दळ, रडारड, त्यामुळे बिचकला असेल असं मी स्वतःला समजावलं. पण आत कुठेतरी धसका बसला होता. आक्का तर गेल्या, आता हाही जातो की काय... त्यांच्या जिवाभावाचं ते एकच उरलं होतं माझ्याजवळ.

दहाव्याला आम्ही क्षिप्रेच्या घाटावर गेलो. बायका जात नाहीत म्हणे. मी गेले. मी जाते म्हटल्यावर वन्संही आल्या. खालचे भाडेकरू गावाला गेलेले, घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. हे लक्षात ठेवा.

पिंड मांडले. भात, काळे तीळ. कडुलिंबावर कावळ्यांची ही गर्दी, आणि खाली एक उतरेल तर शपथ. आपल्याकडे मानतात ना, गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं असलं की कावळा शिवत नाही, मग नातलगांनी एकेक वचन द्यायचं. आमच्या ह्यांनी हात जोडून सांगितलं, “आक्का, देवघर, कुळधर्म सगळं चालू राहील.” कावळे ढिम्म. नातीच्या लग्नाचं सांगून झालं. ढिम्म. गुरुजी म्हणाले, “आता दर्भाचा कावळा करूया नी, ऊन चढलं.”

तेवढ्यात वन्सं माझ्याकडे वळल्या. “वहिनी, मी स्पष्ट बोलते. सोवळ्याच्या घरात मासा पोसलात, तेच आडवं येतंय. म्हणा, काढून टाकते म्हणून.”

“नाही म्हणणार,” मी म्हटलं.

हे कानाशी आले. “अगं, म्हणून टाक नी. बोलायला काय जातं?”

“जिवंतपणी त्यांच्याशी खोटं बोलले नाही, आता बोलू?”

तर वन्संनी काय करावं? स्वतःच पुढे होऊन मोठ्यानं म्हणाल्या, “आक्का, तो मासा आम्ही आजच मीठा तालाबात सोडतो!”

आणि कडुलिंबावरचे सगळेच्या सगळे कावळे उडाले. झाड रिकामं झालं. गुरुजींनी वर बघितलं आणि हातातले दर्भ खाली ठेवले.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी पिंडासमोर जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत, कमरेवर होते. म्हटलं, “आक्का, ऐका. तुमचा जावईबापू कुठेही जाणार नाही. तालाबात टाकला तर मरेल, नाहीतर तिथले सगळे खाऊन टाकील. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्याचं पाणी मी बदलीन, आणि मटारही मीच देईन. घेतला नाही तर घेईस्तोवर हात पाण्यात धरून बसेन. कुणाच्या बापाची हिंमत नाही त्याला हात लावायची!” घाटावरची इतर माणसं बघायला लागली. मला रडू फुटलं होतं, पण आवाज खाली आणला नाही.

पायऱ्यांवरून एक कावळा चालत आला. उडत नाही, चालत! माझ्या पावलाजवळून गेला, मधल्या पिंडाला चोच लावली, एक घास उचलला आणि नदीवरून देवासच्या दिशेनं गेला.

आता कावळ्याचं मी समजू शकते. भुकेला असेल, धीट असेल, योगायोग असेल. तिथंच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

घाटावर आंघोळी केल्या, कपडे बदलले आणि परतलो. पिंडाचा कण कुणी घरी आणत नाही, आणायचा नसतोच. कुलूप मी उघडलं. वन्सं माझ्या मागोमाग, कारण भांडण अर्धं राहिलं होतं. आम्ही दोघी टँकपाशी पोहोचलो.

जावईबापू समोर आला होता आणि खात होता. जबडा हलत होता, कल्ल्यांतून पांढरा चुरा पडत होता. तळाच्या वाळूवर भाताची शितं होती. भाताला चिकटलेले काळे तीळ. झाकण बंद, त्यावर जड पाट, ऑस्कर उडी मारतो म्हणून आम्ही नेहमी ठेवतो तसाच. खिडक्या बंद. मी जाळीनं एक शीत काढून हातावर घेतलं, नुसता शिजवलेला भात आणि तीळ. दुसरं काही नाही. सुतकात आमच्या घरी स्वयंपाक झालाच नव्हता, डबा यायचा. त्यात पोळी-भाजी.

नंतर मी मटार सोलून उकडला आणि पाण्यात हात घातला. जास्त वेळ धरावा लागला नाही. त्यानं खालून येऊन उचलला, तसाच, अलगद.

मी सगळ्यांना विचारलं. भाडेकरू, शेजारी, किल्ली बनवणारा, सगळे. विद्यार्थ्यांना विचारते तसं उलटसुलट विचारलं. काही हाती लागलं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि आता मी शोधतही नाही. ज्याला सापडेल त्यानं कळवावं, चूक असेल तर तेही मी सांगीन.

वन्सं त्या दिवशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. जाताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, “वहिनी, आता तरी काढा हो त्याला. घरात काहीतरी आहे.”

मी म्हटलं, “असेल. असलंच, तर त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांना घराबाहेर काढणारी मी कोण?”