घाट आला की मुली गाडीत

आमच्या सायकल ग्रुपचा एक नियम आहे: घाट आला की मुली गाडीत. हा नियम का आहे, ते विचारायचं नाही, हा दुसरा नियम. पहिल्याच रविवारी मी विचारलं, तर कुलकर्णीकाका म्हणाले, "केतकी, प्रश्न नंतर. आधी पोहे घे."

ते पोहे पचून तीन वर्षं झाली. उत्तर अजून आलेलं नाही!

मधल्या काळात किस्से मात्र जमले. चेनवर कसा काळा चिकट थर बसतो, तुम्ही काही केलं नाही तरी बसतो आणि एकदा हाताला लागला की दोन दिवस निघत नाही, तसे. बेंगळुरूतली आम्ही मराठी मंडळी दर रविवारी पहाटे हेब्बाळला जमतो आणि देवनहळ्ळीपर्यंत जाऊन इडली खाऊन परत येतो. वर्षातून एकदा मोठी टूर. कुलकर्णीकाका कॅप्टन. सरकारी कारखान्यात जन्मभर इंजिनिअर होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं. जे माहीत नसतं, ते मार्केटिंग असतं.

*

उदाहरणार्थ, हवा. टायरच्या बाजूवर हवा किती भरायची ते छापलेलं असतं. ते वाचायचं आणि दाब दाखवणाऱ्या गेजवाल्या पंपाने तेवढी भरायची, बस. खड्ड्यांच्या रस्त्यावर जाणार असाल तर थोडी कमीच ठेवा, कंबर तुम्हाला दुवा देईल.

काका गेज वापरत नाहीत. ते टायर अंगठ्याने दाबतात. "चाळीस वर्षांचा अंगठा आहे हा!"

एका रविवारी त्या अंगठ्याने पाटीलअण्णांच्या टायरमध्ये हवा "कमी" असल्याचं जाहीर केलं. अण्णा चिक्कोडीचे, बेंगळुरूत ट्रान्सपोर्टचा धंदा, मन मोठं. ते म्हणाले, "भरा की मग." काकांनी भरली. अंगठ्याने दाबली. अजून भरली.

हेब्बाळच्या फ्लायओव्हरखाली सिग्नलला उभे असताना ती ट्यूब अशी फुटली की शेजारच्या स्कूटरवाल्याने दोन्ही हात वर केले! ट्रॅफिक पोलीस धावत आला. अण्णा शांतपणे सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "एन इल्ला सर, काही नाही. स्वल्प हवा जास्त झाली."

काकांनी फुटलेली ट्यूब हातात घेऊन नीट पाहिली. "ट्यूबचं रबर हलकं आहे," म्हणाले. अंगठ्यावर संशय नाही.

*

याच अण्णांनी एकदा पॅड लावलेली सायकलिंगची चड्डी विकत घेतली. पहिल्याच लांब राइडनंतर ते बदकासारखे चालू लागले. मग त्यांनी एकेका पुरुषाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारायला सुरुवात केली. सगळे आकाशाकडे बघायचे. काका म्हणाले, "अण्णा, बायका आहेत इथे."

मला कळेना. इथल्या बायका काय सायकल खांद्यावर घेऊन येतात? सीट आम्हालाही आहे!

"अण्णा," मी म्हटलं, "आतून काही घालायचं नाही. नुसती ती पॅडची. आत दुसरी घातली की तिची शिवण टोचते. आणि प्रत्येक राइडनंतर धुवायची."

अण्णांनी थोडा विचार केला. "दर वेळी धुवायची?"

"दर वेळी."

"मग राहू दे ग अक्का. टोचू दे त्यापेक्षा!"

*

म्हाताऱ्यांनाच का नावं ठेवा? आमच्यात सौरभ आहे. मूळचा पुण्याचा, बेळ्ळंदूरला माझ्याच ऑफिसात. त्याची सायकल कार्बनची. एका बोटाने उचलता येते आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलूनही दाखवतो. वजन वाढतं म्हणून घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड तर नाहीच. भिंतीला टेकवली तर ओरखडा येईल, आडवी ठेवली तर गिअर बिघडेल. म्हणून हॉटेलात आम्ही सगळे बसलेलो असतो आणि सौरभ बाहेर सायकल धरून उभा असतो.

देवनहळ्ळीच्या हॉटेलातल्या अक्का हे बरेच रविवार बघत होत्या. एकदा त्या इडलीची प्लेट घेऊन स्वतः बाहेर आल्या. सौरभचा एक हात हँडलवर, एक सीटवर. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि मला कन्नडमध्ये विचारलं, "एवढी महाग म्हणतात, मग तिला स्वतःच्या पायावर उभं का राहता येत नाही?"

आणि इडलीचा घास मोडून त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने खाल्ला! काय करणार, हात कुठे मोकळे होते?

माझं मत विचाराल तर, ऑफिसला जायची सायकल असो की टूरची, मडगार्ड, स्टँड आणि घंटी लावाच. हलकं व्हायचं असेल तर इतर जागा आहेत. सौरभकडे त्या भरपूर आहेत.

*

टूरचं सामान बांधणं ही वेगळी विद्या. कॅरियरला दोन्ही बाजूंनी बॅगा लावायच्या, वजन सारखं, जड वस्तू तळाला. गेल्या वर्षी आगुंब्याच्या टूरला अण्णांनी एकच बॅग आणली. उजवीकडे. तुमकूर रोडला लागेपर्यंत ते सगळ्या ट्रकवाल्यांच्या अंगावर जाऊन आले होते.

"डावीकडे वजन पाहिजे," काकांनी निदान केलं. हे मात्र बरोबर होतं. आता खरं तर अर्धं सामान काढून दुसऱ्या पिशवीत घालायचं. पण अण्णांनी रस्त्याकडेला भोपळे विकायला बसलेली बाई बघितली, हाताने तोलून एक दणदणीत भोपळा निवडला आणि डावीकडे बांधला. सायकल सरळ झाली. भोपळा आमच्याबरोबर आगुंब्याला गेला, सूर्यास्त बघून आला आणि घरी परत आला.

अण्णांच्या घरी वहिनींनी दार उघडलं, भोपळा बघितला आणि म्हणाल्या, "हा तर आपल्या बिल्डिंगखाली मिळतो की हो!"

*

त्याच टूरला आगुंबे घाट आला आणि काकांनी शिट्टी वाजवली. मुली गाडीत! त्या टूरला मुली म्हणजे मी एकटी. माझी सायकल टपावर चढली आणि मी गाडीत. ही सामानाची गाडी चालवतात शोभाकाकू, म्हणजे कुलकर्णीकाकांच्याच बायको. म्हणजे बघा: सगळ्यांचं सामान, टपावर सायकल आणि आत मी, हे सगळं घेऊन एक बाई घाटातली वळणं उतरवणार. ते चालतं. पण दुसऱ्या बाईने स्वतःची सायकल उतरवली तर जबाबदारी कोणाची!

मी पडू नये म्हणून मला गाडीत बसवलं. चौथ्या वळणाला मी खिडकीतून उलटी केली. बाजूने सौरभ "वूऽऽ" करत गेला.

शोभाकाकूंनी गाडी थांबवली, मला पाणी दिलं. "दर वर्षी वाटतं, तू नाही म्हणशील," त्या म्हणाल्या. गिअर टाकला आणि निघाल्या.

त्यानंतर वर्षभर मी दर शनिवारी नंदी हिल्सला गेले. चढायला नव्हे, चढणं कोणालाही येतं. उतरायला. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. दोन्ही ब्रेक मिळून, सोडत-दाबत, म्हणजे रिम तापत नाही. नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथे संपतं तिथे. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. शिकून ठेवावं."

*

या वर्षी चार्माडी घाट. माथ्यावर चहा झाला, खाली धुकं, रस्ता ओला. काकांनी शिट्टी वाजवली आणि माझ्याकडे बघून गाडीकडे हात केला.

"का?" मी विचारलं.

"केतकी, इथे नको."

"इथेच. का?"

अण्णा मध्ये पडले. "असू दे की अक्का. मोठी माणसं सांगतात, ऐकायचं स्वल्प."

"उतारावर ब्रेकचं ज्ञान लागतं," काका म्हणाले. "तुम्ही लोक नुसतं दाबता. आता माझं बघ. निघायच्या आदल्या दिवशी मी पुढच्या ब्रेकची दोन्ही रबरं पत्र्यासकट काढून उलटी लावली. घरातली गादी कशी दर सहा महिन्यांनी उलटवतो, तशी. सारखी झिजतात. हे कुठल्या पुस्तकात नाही!"

मी खाली बसले आणि बघितलं.

ब्रेकचं रबर पत्र्याच्या खोबणीत सरकवून बसवलेलं असतं. खोबणीचं एक तोंड बंद, एक उघडं. बंद तोंड पुढे हवं, कारण ब्रेक दाबला की फिरणारं चाक रबराला पुढे ओढतं. काकांच्या सायकलला उघडं तोंड पुढे होतं. रबर अडवणारी एक छोटी पिन असते, तीही नव्हती. सपाट रस्त्यावर हलक्या ब्रेकला निभावलं होतं, इतकंच.

"पिन कुठे आहे, काका?"

"गंजली होती. टाकून दिली. नुसती शोभेची असते ती."

मी रबर अंगठ्याने पुढे रेटलं. जरा अडलं, मग सरकलं आणि माझ्या हातात आलं. दुसऱ्या बाजूचंही आलं.

सौरभ म्हणाला, "शिट."

मी दोन्ही रबरं काकांच्या तळहातावर ठेवली. हेल्मेटचा पट्टा लावला. सायकलवर बसले.

"मी गाडीत बसणार नाही, काका. आज नाही आणि पुढेही नाही."

काकांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दरीकडे बघितलं. चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह फरफरत होता.

शोभाकाकू ड्रायव्हरच्या सीटवरून उतरल्या, त्यांनी काकांच्या तळहातावरची रबरं बघितली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटवरच्या बॅगा एका बाजूला सरकवायला सुरुवात केली.