मी हबसाणातली

नातीनं सकाळीच तंबी दिली. "आजी, माझी मैत्रीण जेवायला येतेय. इथिओपियाची आहे. प्लीज, आफ्रिकेवर काही बोलू नकोस. ती रुसली तर माझं प्रोजेक्ट गेलं!"

दोघी कॉलेजसाठी नकाशा करत होत्या: आफ्रिकेतली माणसं जगात कुठे कुठे जाऊन वसली. तोही साहेबाच्या जुन्या पुस्तकांवरून नाही, त्या माणसांच्या स्वतःच्या सांगण्यावरून.

नातीची भीती रास्तच. मुरुडजवळच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचे. कडक इस्त्रीची साडी, हातात छडी, आणि छडीचं टोक आफ्रिकेच्या पोटात खुपसून गर्जना: "हे अंधारं खंड!" नेमकी तेव्हाच आमच्या वर्गातली वीज गेलेली असायची. अलिबागच्या पलीकडे न गेलेली बाई मी, पण तोरा असा, की नाईल जणू माझ्याच न्हाणीतून निघते!

कतारमधल्या, अल वक्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये मैत्रीण आली. उंच, हसरी, दोह्यातच वाढलेली, म्हणून हिंदी फर्डं. तव्यावरची आंबोळी बघून म्हणाली, "अरे, ही तर आमची इंजेरा! तुमची जरा बुटकी राहिली."

मी खूश. विचारलं, "तुमच्या लोकांना काय म्हणतात गं?"

"हबेशा," ती ताठ मानेनं म्हणाली.

मला ऐकू आलं, हबशी.

"शू! असं स्वतःला म्हणू नये, बाळ!" मी उलथनं उगारलं. लहानपणी उन्हातून रापून आले की मावशी 'आली हबशीण' म्हणत मला डाळीच्या पिठानं खसाखसा घासायची. "कोण म्हणालं तुला? दाखव, बघतेच त्याला!"

"खलास," नातीनं कपाळ टेबलावर टेकलं.

मैत्रिणीनं हातातला घास ताटलीत ठेवला. मला वाटलं, गेलं प्रोजेक्ट! मग ती म्हणाली, "आंटी, ते आमचंच नाव आहे. त्याची शिवी कोणी केली?"

"आमच्या मावशीनं," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाठीवर थोपटता थोपटता माझी ट्यूब पेटली. "अगं, आमच्या मुलखालाच जुनी माणसं हबसाण म्हणायची! तुमच्याकडून आलेल्या लोकांनी जंजिऱ्यावरून राज्य केलंय. म्हणजे मी हबसाणातली!" आणि मी खुळी, त्याच हबसाणात उभी राहून पोरांना आफ्रिका लांब दाखवत होते. वर्गाच्या खिडकीतून किल्ला दिसायचा हो!

"राज्य केलं? कुठे?" तिनं खरकट्या हातानंच लॅपटॉप ओढला. नकाशात कोकण कोरं होतं. मी बोट ठेवलं, तिथे तिनं ठिपका दिला.

"हे वर्गात आंटीच सांगणार," तिनं जाहीर केलं.

"नो वे!" नात किंचाळली. "ती थांबणारच नाही!"

"मग तू एकटीच कर."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी अगदी मन लावून आंबोळी उलटली.

"पाच मिनिटं," नात म्हणाली.

"दहा," मी.

"वीस," मैत्रीण म्हणाली, आणि तिनं ताटली पुढे केली.