कुसैसच्या गॅलरीतला किल्ला

बाबा, म्हणजे माझे सासरे, दुबईला आले, तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी नातीला विचारलं, "काय गं, तुझं गाव कुठलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. दवाखान्यात, लग्नात, जिथे माणूस भेटेल तिथे पहिलं हेच. आमची कन्या चौदा वर्षांची, जन्म इथलाच. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "आय डोन्ट हॅव वन, आजोबा."

ती असं का म्हणाली, ते मला ठाऊक होतं. पुण्याच्या एका लग्नात तिने याच प्रश्नाला तोऱ्यात "अल कुसैस" असं आमच्या दुबईतल्या वस्तीचं नाव सांगितलं होतं आणि झाडून सगळ्या मावश्या-काकवा फिदीफिदी हसल्या होत्या. "अगं, ते काय गाव झालं? तुझं गाव सातारा!" आता साताऱ्याला ही जाणार मे महिन्यात, तेही आंबे खाऊन परत यायला. आणि इथला व्हिसा बापाच्या नोकरीवर, ती संपली की मुक्काम संपला. म्हणजे पोरीने सांगायचं तरी काय? तेव्हापासून तिने उत्तर देणंच सोडून दिलं होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या इथल्या मराठी मंडळात दर वर्षी किल्ल्यांची स्पर्धा असते, परीक्षक घरोघरी गाडीने फिरतात. बाबा त्या तयारीनेच आले होते. बॅगेत धोतराच्या घडीत गुंडाळून साताऱ्याच्या बाजारातले मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे महाराज. "अजिंक्यतारा करू या," ते म्हणाले. यावर कन्येने काय म्हणावं? "मी करते, बट आय वॉन्ट टु मेक द अल ऐन वन." शाळेच्या सहलीत तिने तिथला मातीचा किल्ला बघितला होता.

मी उसळलेच. "दिवाळीचा किल्ला म्हणजे आपला किल्ला! उद्या म्हणशील बुर्ज खलिफा करते आणि वर मावळे ठेवते!" तिचा चेहरा पडला. बाबांनी मात्र शांतपणे चष्मा पुसला. "सूनबाई, न बघता किल्ला करू नये. आधी दाखव म्हणावं."

झालं! शनिवारी सकाळी निघाली वरात अल ऐनला. दोन्ही बाजूंना वाळू बघून बाबा कंटाळतील असं मला वाटलं होतं, पण त्यांची मान एकदासुद्धा कलंडली नाही. किल्ल्यापाशी पोचल्यावर त्यांनी सरळ भिंतीवर तळवा टेकला. "मातीच आहे की! आमच्या परड्यातली भिंत अशीच होती." नात पाट्या वाचायला लागली आणि आजोबांसाठी तोडक्यामोडक्या मराठीत सांगायला लागली. "आजोबा, हे वॉल... भिंत... माती आणि गवत मिक्स करून केली." मी आणि नवरा मागे राहिलो. इतकी वाक्यं मराठीत ती घरी महिन्याभरात बोलत नाही.

खरी मजा खजुराच्या बागेत झाली. तिथे झाडांच्या सावलीतून अरुंद चर गेलेत, त्यांतून पाणी वाहतं. फलज म्हणतात त्याला. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. ते चक्क मांडी घालून काठावर बसले. "अरे, हा तर पाट! आणि पाणी कसं वाटायचे, विचार!" नातीने पाटी वाचली. ज्याची त्याची वेळ ठरलेली असे, पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे बघून मोजायचे. "म्हणजे पाळी!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "मग भांडणंही होत असणार. आमच्याकडे पाळी चुकली की फावडी निघायची!" मग त्यांनी अशी एक हाणामारी रंगवून सांगितली की पोरगी हसून हसून लाल झाली. "धिस इज सो अवर फॅमिली," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घरी आल्यावर गॅलरी गेली त्यांच्या ताब्यात. नर्सरीतली माती भुसभुशीत, भिंत उभी राहीना. गवत हवं म्हणून या दोघांनी माझी कोरी करकरीत केरसुणी कात्रीने कापली! मी आरडाओरडा केला, तर बाबा म्हणतात, "खलास झाली ती आता, सूनबाई." आपला 'खलास' मूळचा अरबी, हे त्यांना इथे येऊन कळलं होतं, तो लगेच माझ्यावर चालवला. पण भिंत उभी राहिली. गोल बुरूज झाला, अळीव पेरून बाग झाली, बागेतून पाट.

अडलं ते महाराजांपाशी. महाराज वर नसले तर तो दिवाळीचा किल्ला कसला, हे माझं म्हणणं. "बट ही नेव्हर लिव्ह्ड देअर, आई!" हे तिचं. दोघी हट्टाला पेटलो. शेवटी बाबांनी महाराजांना अलगद उचलून बागेत, पाटाच्या काठी बसवलं, दोन मावळे शेजारी, आणि पुढे बाटलीच्या झाकणात एक खजूर ठेवला. "पाहुणे आलेत," ते म्हणाले. "पाहुण्यांना बसायला चांगली जागा द्यावी." हे दोघींनाही पटलं.

परीक्षक आले ते दुबईच्या पार दुसऱ्या टोकाहून, डिस्कव्हरी गार्डन्सहून. मूळचे पुण्याचे, गड पायाखाली घातलेले गृहस्थ. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. "छान आहे, पण हा गड कुठला? महाराष्ट्रातला वाटत नाही."

कन्या माझ्याकडे बघायला लागली. तो लग्नातला हशा मला आठवला आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बोलले.

"आमच्या नातीच्या गावचा."

"गावचा? कुठलं गाव गं तुझं?"

पोरगी आजोबांच्या शेजारी सरकली. "अल कुसैस," ती म्हणाली. "किल्ला अल ऐनचा आहे. थोडं लांब आहे, पण आमच्याच इकडचा." कुणी हसलं नाही. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि अगदी साताऱ्याच्या थाटात म्हणाली, "या ना काका, बसा. खजूर घ्या."

आणि मी डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाले, तर घरातले खजूर बाबांनी कालच संपवले होते. शेवटी महाराजांच्या पुढचाच उचलून दिला.