नाव घेऊन पाण्यात उतरणारे आबा

बुडालेल्या माणसाचं नाव कळल्याशिवाय आबा पाण्यात उतरत नसत. काठावर गाव गोळा झालेलं असे, बायांनी हंबरडा फोडलेला असे, पोलीसपाटील घाई करत असे, आणि आबा धोतराचा काचा मारत शांतपणे विचारत, "नाव काय म्हनलं पोराचं?" नाव कळलं की ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि खाली जायचं. खाली गेल्यावर ते त्या माणसाला नावानं हाक मारतात, अशी आमच्याकडं सगळ्यांची खात्री होती. आमचं घर त्यांच्या शेजारी; पाण्यात तोंड उघडून हाक कशी मारता, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. "तोंडानं कोन मारतंय?" एवढंच म्हणाले.

आमचं गाव भीमेच्या काठाला. अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. बुडालेला माणूस कुणाच्या हद्दीतला यावर साहेब लोकांचं बोलणं चालू असायचं, तोवर आबांनी त्याला काठावर आणलेलं असायचं. आबांची थोडी शेती होती, मळ्यात विहीर होती, पोट त्यावरच चालायचं. पण कुठं विहिरीत पाण्याची मोटार पडली, बादली पडली, माणूस पडलं, की यवतपासून पार नदीपलीकडून लोक आबांना न्यायला यायचे. मोटार-बादलीला ते गळ टाकायचे. माणसाला कधी टाकू दिला नाही. भांडगावला एका विहिरीवर कुणीतरी घाईनं दोराला गळ बांधायला घेतला, तर हा मवाळ माणूस असा कडाडला की विहिरीवरची कबुतरं उडाली. "गळ बादलीला! लेकरू हाय ते कुनाचं तरी. हातानं आनायचं."

शिक्रापूरच्या खाणीतली गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. मी शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणजे जेवणानंतरच्या तासाला पोरांना झोप आणते. त्या दिवशी आबांना न्यायला दुसरी गाडी मिळेना, म्हणून माझ्याच गाडीतून त्यांना नेलं होतं. कंपनीत कामाला आलेला एक उत्तरेकडचा पोरगा खाणीच्या पाण्यात पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. त्याच्या खोलीतल्या दोस्तांना त्याचं नाव 'पप्पू' एवढंच ठाऊक. आबा काही उतरेनात. "पप्पू काय नाव झालं? आई काय म्हंती त्याला?" कुणी वैतागलं, कुणी माझ्याकडं बघितलं. मलाही चीड आली होती, खोटं कशाला बोला! शेवटी एकानं त्याच्या गावाला फोन लावला, भावाकडून नाव घेतलं. रामसजीवन. आबांनी ते नाव तोंडात घोळवलं आणि गेले खाली. पोराला वर आणलं ते दोन्ही हातांवर, झोपलेल्याला उचलावं तसं. मग दोस्तांना आपल्या हिंदीत म्हणाले, "उसके आई को बोलना, अकेला नव्हता वो."

परत येताना गाडीत म्हणाले, "पान्यातलं मानूस घरी गेलं पायजे बघ, मास्तरीण. मग मागच्यांना रडता तरी येतं." मला ते कायम मास्तरीणच म्हणत. प्राध्यापक म्हणा, असं मी कितीदा बजावलं, पण ऐकतील तर आबा कसले!

गावातल्या दोन पिढ्यांना आबांनी पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं, झाली शिकवणी. नदीवर नेलं की मात्र एकच धडा. "काठ दिसतोय तवर पव्हायचं. काठ दिसंना झाला, की ते पानी आपलं न्हाई." हे त्यांनी आमच्या कानात इतकं ओतलं, की मी अजून समुद्रात गुडघ्याच्या वर जात नाही. नवरा हसतो. हसू दे.

हा धडा ज्यानं कधीच ऐकला नाही, तो आबांचा एकुलता एक मुलगा, दत्तू. एका पावसाळ्यात पट्ठ्या भरल्या भीमेतून पलीकडं पोहत गेला. आबा पुलावरून चालत गेले आणि पलीकडच्या काठावर त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली. मग तिथंच त्याला पोटाशी धरून बसले, असं नानी सांगायची. नानी म्हणजे आबांची बायको, दत्तूची आई.

मोठा झाल्यावर दत्तूनं मुंबईला जाऊन कसलासा कोर्स केला आणि मालवाहू जहाजावर लागला. निरोप द्यायला आम्ही दौंड स्टेशनावर होतो. आबा तोंड पाडून म्हणाले, "नदी पुरली न्हाई व्हय रं तुला?" दत्तू हसत म्हणाला, "आबा, तिकडं काठच नसतो!" गंमत केली पोरानं. आबांच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं मोडलं.

पुढं एका वादळात ते जहाज बुडालं. काही खलाशी सापडले, दत्तू नाही. कंपनीच्या माणसाचं इंग्रजी आबांना कळेना, म्हणून फोन माझ्या हातात आला आणि ती बातमी माझ्या तोंडून त्यांना ऐकावी लागली. जहाज फार खोल गेलंय, तिथवर कुणी जाणार नाही, हेही मीच सांगितलं. आबांनी विचारलं, "किती परस?" विहिरीची खोली ते परसात मोजत, हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. मी म्हणाले, "आबा, ते परसात नाही हो मोजता यायचं." ते आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत राहिले. दोन तालुक्यांतली माणसं ज्या हातांनी घरी आणली, ते हात मांडीवर नुसते पडले होते. मला ते बघवेना.

दत्तूचा दहावा-बारावा झाला नाही. भावकीतली मोठी माणसं येऊन म्हणाली, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, तशी रीत आहे. आबा म्हणाले, "वर आनल्याबिगर न्हाई." मग आखिती आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं कुंभाराकडची केळी, म्हणजे मातीची लहान घागर, पाण्यानं भरून ठेवतात. वर आंबा ठेवायचा, पूजा करायची. त्यांची तहान भागावी म्हणून. नानीनं दत्तूच्या नावाची केळी मागितली. आबांनी तीही ठेवू दिली नाही.

तेव्हा नानी जे बोलली, ते अजून माझ्या कानात आहे. "चहूकडनं पानी हाय त्याच्या. पर समदं खारं. माझ्या लेकराला पेयाला कोन देनार वो?"

आबा तटकन म्हणाले, "काठ सोडू नको म्हनून सांगितलं व्हतं. बापाचं आयकलं न्हाई. आता पानी मागतंय व्हय?"

नानी उठून आत गेली. मी आबांना पहिल्यांदा तोंडावर बोलले, "पुरे करा आबा, शोभत नाही तुम्हाला." दरसाल आखिती यायची आणि त्या घरात दरसाल तेच व्हायचं. नानी आटत चालली. आबांनी पाण्यात उतरणं बंद केलं. कुणी न्यायला आलं की म्हणायचे, दम पुरत नाही. दम पुरत होता. दत्तूचं नाव सोडून दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती, असं आपलं मला वाटतं.

एका रविवारी मी त्यांच्या मळ्यात गेले. आबा विहिरीच्या थारोळ्यावर, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कट्ट्यावर, बसले होते. गप्पांना काही सुचेना म्हणून मी मोबाईलमधला एक फोटो दाखवला. वर्गात दाखवायला म्हणून ठेवला होता. काळ्याशार पाण्याच्या तळाशी मातीत रुतलेले रांजण, एकमेकांना खेटून, शेकड्यांनी.

"कुनाची हीर ही?"

"विहीर नाही आबा, समुद्र आहे. भूमध्य समुद्र. गॅस शोधणाऱ्या एका कंपनीचं यंत्र तळ तपासत होतं, त्याला हे दिसलं. तीन हजार वर्षांपेक्षा जुनं जहाज आहे. लाकूड चिखलाखाली गेलंय, रांजण आहेत तसे."

त्यांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. "काय व्हतं ह्यात?"

"तेल, दारू, फळं असावीत म्हणतात."

"पानी?"

"खलाशांना प्यायला पाणी लागतच असणार की."

मग मी माझ्या सवयीनं शिकवायला लागले. म्हटलं, आबा, यात नवल काय ते ऐका. आजवर त्या काळची जहाजं सापडली ती बहुतेक किनाऱ्याजवळ, कारण पाणबुडे तिथवरच जाऊ शकत होते. त्यावरून अभ्यासक धरून चालले, की जुने खलाशी भित्रे, काठाकाठानं या बंदरातून त्या बंदरात जायचे. आणि हे जहाज सापडलं भर समुद्रात. तिथून कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही.

आबांची मान वर झाली. "काठ दिसत न्हाई?"

"कुठंच नाही. नुसतं पाणी आणि आभाळ."

"मग वाट कशी कळायची?"

"दिवसा सूर्य, रात्री चांदण्या. होकायंत्र नव्हतं तेव्हा, नकाशाही नव्हता. तरी जायचे."

"बाजलं बघून," आबा हळूच म्हणाले. सप्तर्षींना आमच्याकडं बाजलं म्हणतात. "दत्तूला मीच दावलं व्हतं. रातच्याला पिकाला दारं धरायला जायचो तवा." मग विचारलं, "वाट चुकून तिकडं गेली नसतील ती मानसं?"

"इतक्या लांब चुकून कोण जाईल? ठरवून गेली असणार, येत होतं म्हणून गेली. बुडाली ती वादळानं, नाहीतर लुटारूंनी. ते कुणालाच ठाऊक नाही."

"म्हंजी काठ सोडला म्हनून न्हाई बुडाली."

"नाही आबा."

त्यांनी पुन्हा फोटो बघितला. रांजण वर काढले का, विचारलं. मी म्हटलं, फक्त दोन काढले, बघायला म्हणून. बाकीचे तिथंच ठेवलेत, कुणी हात लावलेला नाही. इतक्या खोलवर लाटा पोचत नाहीत, कोळ्यांची जाळी पोचत नाहीत. ठेवल्यासारखं राहिलंय सगळं. आबांनी मोबाईल माझ्या हातात दिला, उपरणं तोंडावर घेतलं आणि ढसाढसा रडले. दत्तू गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मलाही आवरलं नाही. आम्हा दोघांचं रडणं ऐकून नानी खुरपं टाकून धावत आली. काय झालं विचारलं, तर आबा म्हणाले, "काई न्हाई. पोरगं शानं व्हतं गं आपलं."

त्या सालच्या आखितीला आबा स्वतः कुंभाराकडं गेले आणि दोन केळ्या घेऊन आले. नानी दारात उभी होती.

"ह्या कुनाच्या?"

"दत्तूच्या."

नानीनं चौकट धरली. "दोन कशापायी?"

"एक हितं ऱ्हाईल. एक त्याच्याकडं न्यायची." माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या फोटूतलं रांजनबी दोनच वर आनलं न्हवं? आपन एक खाली धाडू."

दोन्ही केळ्या त्यांनी आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरल्या. दत्तू तिथंच पोहायला शिकला होता. एकीवर नानीनं आंबा ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि केळीला दोन्ही हात लावून बसून राहिली. दुसरी घेऊन आबा नदीवर गेले. मी मागं होते. धोतराचा काचा मारला, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, छातीएवढ्या पाण्यात गेले. आयुष्यभर पाण्यातून वर आणणारा माणूस त्या दिवशी पाण्यात काही द्यायला उतरला होता. या वेळी हाक मात्र तोंडानं मारली, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी.

"दत्तूऽ! पानी पी रं बाळा. गोडं हाय, आपल्या हिरीचं." मग आवाज खाली आला. "वाट बरूबर व्हती तुझी. माझंच ध्यान काठावर ऱ्हायलं."

आणि केळी सोडली. बुडबुडे आले, थांबले.

त्यानंतर आबा पुन्हा लोकांच्या हाकेला जायला लागले. पण पुढं छातीचं दुखणं मागं लागलं. या हिवाळ्यात ते गेले, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. मातीला दोन्ही तालुक्यांतून माणसं आली. कितीतरी जण मला अनोळखी होते. ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी आबांनी हातांवर आणून दिलं होतं, ते सगळे. एक बाई तर मला धरून म्हणाली, "माझ्या सुनीलला त्यांनीच आनलं वो."

यंदाच्या आखितीला नानीचा फोन आला, येताना केळ्या आण. मी गेले. आबांची केळी तिनं घरात मांडली, शेजारी दत्तूची एक. तिसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही नदीला न्यायची. ते न्हाईत आता. तुला येती का गं हाक मारता?"

वर्ग भरून पोरांसमोर घसा ताणणारी मी, पण अशी हाक कधी मारली नव्हती. तरी मान हलवली. विहिरीवरून केळी भरून घेतली आणि नदीवर गेले. गुडघ्यापर्यंत गेल्यावर पाय थांबले, नेहमीसारखे. मग साडी खोचली आणि आणखी पुढं गेले, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. दत्तूला नाव घेऊन हाक मारली. पाणी पी म्हटलं. वाट बरोबर होती, तेही सांगितलं, आबांच्या वतीनं.